चार बार, मोकळं वाजवणे

३ फेब्रुवारी, सोमवार

चेलोच्या चार बारांचा (संगीतातले बार, म्हणजे चार-चार मात्रांचे तुकडे. दुसऱ्या बारमध्ये गेलो असतो तर निदान हसत परतलो असतो) आजवरचा खरा खर्च असा: एकोणीस तास, दोनशे बारा प्रयत्न, दोनदा उतू गेलेलं दूध, मानेत बसलेली एक कळ, आणि आपल्याला या धंद्यातलं काही कळतं या समजुतीचा बराचसा भाग. वाजायला हे चार बार सोळा सेकंद घेतात. आणि अजूनही ते असे वाजतात, की शेजारी कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय.

वही कोरी आहे म्हणून पहिल्यापासून लिहितो. उद्या डोकं फिरलंच तर कुठून फिरलं ते तरी सापडेल.

मी थिएटरात शिरलो तो वादकांचे स्टँड उचलायला. मग नकला करायला लागलो. संगीतकार सगळ्या वाद्यांचं मिळून एक मोठं पान लिहितो, त्यातून प्रत्येक वादकाचा कागद वेगळा उतरवून द्यायचा. बावीस वर्षं हेच केलं, आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. शिट्टीसुद्धा धड नाही. पण कान आहेत. आमच्या अकरा वादकांपैकी कुणीही पडद्यामागे बसून एक सूर लावावा, मी नाव सांगतो. तो जेवून आलाय की उपाशी, तेही सांगतो. ही फुशारकी नव्हे, थिएटरात कुणालाही विचारा.

नव्या नाटकाचं संगीत सेहेचाळीस मिनिटांचं. संगीतकार बाईंनी ते कॉम्प्युटरवरच लिहून फाइल पाठवली. मॅनेजरने मला बोलावलं आणि म्हणाला, या वेळी कागद उतरवू नका, फाइलच वाजती करा. अकरा माणसं समोर बसून वाजवताहेत असं वाटलं पाहिजे. म्हणजे कुठल्याशा खऱ्या वादकांनी एकेक सूर वाजवून ठेवलेल्या आवाजांचा साठा घ्यायचा, आणि फाइलमधल्या प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे लिहिलेल्या सुराला, सांगत बसायचं, तू कसा सुरू हो, किती फुग, कुठे मर. मी हो म्हणालो. वादकच नसतील तर मी कागद कुणासाठी उतरवायचे? मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने केलं असतं, आणि त्याला हे अकराजण कोण तेही ठाऊक नसतं. हे वाक्य मी रोज दात घासताना स्वतःला ऐकवतो. तोंडात फेस असल्यामुळे उलट उत्तर येत नाही.

अकरातला एक चेलो वाजवतो. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन. हा वादक माझ्या बायकोचा थोरला भाऊ.

हिला अजून काही सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मॅनेजरकडे गेलो होतो. पहिल्या प्रवेशाचं संगीत ऐकवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. तो पगाराच्या दिवशीही असेच मिटतो.

"छान आहे. सव्वीस तारखेला सगळ्यांना मोकळं करतो."

"अकराच्या अकरा?"

"तुम्हीच एवढं छान केलंत, मी काय करू?"

मी म्हटलं, निदान माझ्या मेहुण्यांना तरी ठेवा. अठ्ठावन्नाव्या वर्षी चेलोवाल्याला कोण उभं करणार?

"मेहुणे म्हणून ठेवू? मग उद्या सगळेच कुणाचे ना कुणाचे मेहुणे निघतील." हसला. मग खुर्ची पुढे ओढली. "यंत्राला जमत नाही असं काही आहे का त्यांच्याजवळ? असेल तर दाखवा. एक खुर्ची ठेवतो. एकच."

मी तिथल्या तिथे म्हणालो, आहे. एकशे बाराव्या बारपासून चार बार चेलो एकटा वाजतो. बाकी सगळे गप्प. त्या चार बारांच्या डोक्यावर बाईंनी एकच शब्द लिहिलाय: मोकळं. ठिपके माझं सॉफ्टवेअर वाचतं, शब्द नाही वाचत. त्याच्या दृष्टीने तो कागदावरचा डाग.

"मोकळं," मॅनेजर म्हणाला. "म्हणजे काय नेमकं?"

आत्ताच तुम्ही अकरा जणांना करणार होतात ते नव्हे, असं म्हणावंसं वाटलं. म्हणालो नाही. एक खुर्ची हाती लागली होती, ती कशाला हलवा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना फोन केला. लांब राहतात, भेट कधी झालेली नाही. आवाज पातळ, पण बोलणं पक्कं.

"मोकळं म्हणजे किती मोकळं, बाई? तालाच्या किती मागे जायचं? काही आकडा सांगाल का?"

"आकडा असता तर मी आकडाच लिहिला असता ना."

"पण यंत्राला आकडा लागतो."

"मग यंत्राला देऊ नका. तुमच्याकडे ते चेलोवाले आहेत ना? मागच्या नाटकात ऐकलं मी त्यांना. म्हणून तर तिथे काही लिहिलं नाही, नुसतं मोकळं लिहिलं. त्यांचं त्यांना कळेल."

म्हणजे ते चार बार मेहुण्यांसाठीच लिहिलेले आहेत. खुर्ची त्यांचीच. मला फक्त एवढंच सिद्ध करायचंय की मला जमत नाही. एकोणीस तास मी नेमकं तेच सिद्ध करत होतो! आज चार दिवसांनी दोन वेळचं धड जेवलो.

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुणे आले. पाठीवर चेलो घेऊन आमच्या दारातून आत यायचं म्हणजे माणूस आधी की वाद्य आधी असा वाद होतो. आम्ही दोघं एकमेकांना मेहुणेच म्हणतो. हीच एक सोय आहे या नात्यात, हाक दोन्ही बाजूंनी सारखी.

"काय मेहुणे, आमचे कागद कधी देताय? नाटक उभं राहायची वेळ आली."

"चाललंय मेहुणे. बाईंनी तुमच्यासाठी चार बार लिहिलेत. बघा कसे वाटतात."

चष्मा कपाळावर ढकलून कागद नाकाशी धरला. 'मोकळं' वाचून लहान मुलासारखे हसले. "या बाई शहाण्या आहेत," म्हणाले. चहा निवू दिला आणि वाजवायला बसले.

माझा फोन टेबलावर वर्तमानपत्राखाली होता. चालू.

आता हे का केलं ते लिहून ठेवतो. यंत्राला जमत नाही हे दाखवायचं तर यंत्राचा सगळ्यात चांगला प्रयत्न दाखवायला हवा. कामचुकारपणा केला असं मॅनेजर म्हणेल. आणि सगळ्यात चांगला प्रयत्न करायचा तर समोर नमुना नको? यात लपवण्यासारखं काही नाही. वर्तमानपत्र तिथे आधीपासूनच होतं.

तीनदा वाजवून घेतलं. तिसऱ्यांदा वाजवून झाल्यावर मेहुणे गजाचा स्क्रू फिरवून त्याचे केस सैल करत म्हणाले, "तुम्हाला आठवतं का, स्टँड उचलता उचलता तुम्ही विचारायचात, हा ठिपका पोकळ का आणि तो भरलेला का?"

आठवतं. वाचायला यांनीच शिकवलं. बहीणही यांनीच दिली. तेव्हा माझ्याकडे दोन शर्ट होते, त्यातला एक यांचाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जमलं!

तीन दिवस मेहुण्यांचे सोळा सेकंद भिंगाखाली घेतल्यासारखे ऐकले. दुसरा सूर उशिरा येतो, पण नेहमी सारखा उशिरा नाही. तिसरा किंचित खालून उचलून जागेवर नेतात. लांब सुराच्या आधी नाकाने श्वास घेतात, कशाचा तरी वास आल्यासारखा. आणि शेवटचा सूर संपायच्या आत सोडून देतात, जणू कुणीतरी हाक मारली. हे सगळं एकेक करून घातलं. श्वाससुद्धा. वर एक करामत केली: दर वेळी वाजवताना उशीर थोडा बदलायचा, श्वास कमीजास्त व्हायचा. माणूस तरी दोनदा सारखं कुठे वाजवतो?

दुपारी थिएटरातल्या ध्वनीवाल्याला फाइल पाठवली. त्याचं उत्तर: 'अंगावर काटा आला.' हा माणूस आठ वर्षांत कशालाही बरं म्हणालेला नाही.

मग स्पीकर मोठा करून मी चार बार लावले. स्वयंपाकघरातून हिने हाक मारली, "दादा आलाय का? चहा टाकू?"

माझ्या अंगात एवढी विजयाची लहर आली की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. सख्खी बहीण फसली! ही हात पुसत बाहेर आली, खोलीत पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग स्पीकरकडे.

"दादा कुठाय?"

"हाच दादा," मी म्हणालो. आनंदात होतो, काय सांगू.

मग सगळंच सांगावं लागलं. अकरा खुर्च्या, सव्वीस तारीख, एक खुर्ची. ही ऐकत उभी होती. मध्येच फक्त एकदा म्हणाली, "आणि बाकीचे दहा?" मी स्पीकरचा आवाज कमी केला.

"अहो, तुम्हाला दाखवायचं होतं ना, की जमत नाही म्हणून?"

"हो."

"मग जमवलंत कशाला?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अबोला. ताट वाढते, पण ठेवताना आवाज होतो. तो आवाज मात्र कुठल्याच साठ्यात सापडणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हिने भावाला सांगितलं. मेहुणे आज आले, चेलो न घेता. त्यांच्या पाठीवर ते ओझं नसलं की माणूस अर्धाच दिसतो.

मी तयारी केली होती. ते ओरडतील, मी मान खाली घालेन, मग खुर्चीचं सांगेन. ते ओरडले नाहीत. समोर बसून माझ्या पडद्याकडे बघत राहिले.

"मॅनेजरकडे जाऊन आलो," म्हणाले. "तो म्हणतो, यंत्र कधी उशिरा येत नाही. कधी सूर खालून उचलत नाही. खरं का हो?"

"खरं आहे. उशीर हवा असेल तर घालावा लागतो."

"म्हणजे चुका घालता?"

"हो."

"कुणाच्या?"

मी माउसची वायर सरळ करत बसलो.

"तीस वर्षं," मेहुणे म्हणाले, "मला वाटायचं ही माझी गंमत आहे. लोकांना आवडते. तो म्हणाला, ते तर उशिरा येणं झालं." हसले. मग माझ्या टेबलावरून पेन्सिल उचलून कागदावरच्या चार बारांवर ताल धरायला लागले, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, कारकुनासारखा.

मी त्यांना सांगितलं की खुर्ची तुमचीच आहे, मला फक्त थोडा वेळ द्या. "तुम्ही कराल हो काहीतरी," म्हणाले. जाताना पेन्सिल खिशात घालून घेऊन गेले. लक्ष नसेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरने ध्वनीवाल्याकडून चार बार ऐकले. फोन आला.

"अहो, हे तर जमलंय की तुम्हाला!"

मी म्हणालो, वरवर ऐकणाऱ्याला वाटतं तसं. जाणकाराला फरक कळतो.

"कुठल्या जाणकाराला?"

"मला."

 मग म्हणाला, "ठीक आहे. सव्वीसला तुमचे मेहुणे पडद्यामागे बसतील. एकदा ते, एकदा यंत्र, कोण आधी ते ध्वनीवाला ठरवेल. ते मायकातून, यंत्र फाइलमधून, पण दोन्ही एकाच स्पीकरमधून. असं तीनदा. तुम्ही प्रेक्षकात बसून ओळखा. तिन्ही वेळा बरोबर आलं तर खुर्ची ठेवली. तुम्हालाच नाही ओळखता आलं, तर प्रेक्षकांसाठी मी कशाला खुर्ची ठेवू?"

याच्यासारखा न्याय नाही. मला तो घासाघीस करेल असं वाटलं होतं. हा तर मला माझ्याच अंगणात बोलावतोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ही आज बोलली. सहा दिवसांनी. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"ऐका माझं. दादाला सांगा, वाजवायच्या आधी खाकरायचं. किंवा खुर्ची हलवायची. काहीतरी एक खूण ठरवा."

"खूण? मला?"

"अहो, त्याची खुर्ची आहे. त्याचं घर आहे त्या खुर्चीवर. वहिनी परवा विचारत होती, शिकवण्या मिळतील का म्हणून. या वयात तो पोरांना सा रे ग शिकवणार आहे का?"

"मी यांना तीस वर्षं ऐकतोय. भर बाजारात, डोळे बांधून, बहिरा करून ठेवलंस तरी ओळखेन. खूण आंधळ्याला लागते. माझ्या कानांना खूण लावणं म्हणजे..." म्हणजे काय ते मला सुचलं नाही, पण आवाज चढला होता.

"म्हणजे तुमचा कान मोठा, दादा लहान," ही म्हणाली आणि खुर्ची जिथून आणली तिथे नेऊन ठेवली.

बायकांना पैज कळते, पण कान कळत नाहीत. तरी आज बोलली तरी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खरं लिहितो. भीती वाटायला लागली आहे.

सकाळी एकट्याने परीक्षा घेतली. मेहुण्यांचं फोनमधलं वाजवणं आणि माझी फाइल, दोन्ही पाठोपाठ लावली, न बघता. पहिल्यांदा बरोबर. दुसऱ्यांदा बरोबर. तिसऱ्यांदा चुकलो. मग पुन्हा चुकलो. जेवढं जास्त ऐकावं तेवढं दोन्ही एकच व्हायला लागलं. मीच तर ते एक केलंय, एकेक ठिपका धरून.

 स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. खूण ठरवावी का? पण आता हिच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

२२ फेब्रुवारी, शनिवार

उपाय सापडला, आणि इतका सोपा की काल का सुचला नाही.

फाइल माझी आहे. मीच जमवलेलं मीच मोडू शकतो. चेलोतला उशीर काढून टाकला. श्वास काढला. तिसरा सूर सरळ जागेवर आणून बसवला. शेवटचा पूर्ण मापाने संपवला. पुन्हा शिलाई मशीन झालं. आता पडद्यामागून जे ताठ येईल ते यंत्र, आणि जे मोकळं येईल ते मेहुणे. शाळेतल्या पोरालाही कळेल.

 श्वास पुसताना मात्र दोनदा थांबलो. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर ओढून घेतोय असं वाटलं.

ध्वनीवाल्याला नवी फाइल पाठवली. वर एक ओळ लिहिली: आधीची काढून टाका, सव्वीसला ही लावा. कारण लिहिलं नाही. मॅनेजरच्या कानावर गेलं तर पैजच मोडेल.

हिलाही सांगणार नाही. कानांनीच ओळखलं म्हणेन. एवढं तरी माझ्याकडे राहू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही भावाकडे जाऊन आली. म्हणाली, "दादा दिवसभर खोलीचं दार लावून ते टिकटिक करणारं यंत्र लावून बसतो. वहिनीचं डोकं उठलंय. जेवायला हाक मारली तर म्हणतो, आठ मोजतोय, थांब."

मी म्हणालो, बोटं गरम ठेवत असतील. मोठी वेळ आली की जुना वादकही पहिल्या धड्याकडे जातो. बरं लक्षण आहे.

"तुम्ही एकदा बोला त्याच्याशी."

म्हणालो, बोललो तर मनात येईल की मी खूण ठरवायला आलोय. आता त्यांच्याकडे न जाणंच बरं.

मला आतून हलकं वाटतंय. मेहुण्यांना शिकवण्या कराव्या लागणार नाहीत. बाकीच्या दहांचा विचार सव्वीसनंतर करेन. बासरीवाला आज बाजारात भेटला, विचारत होता, कागद कधी? मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. भाजी न घेताच परत आलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. नखं खाल्ली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिलं जाणार नाही.

दुपारी तीन वाजता थिएटर रिकामं होतं. खुर्च्यांवर पांढरी कापडं. मधल्या रांगेत मॅनेजर आणि मी, मागे ही. येऊ नको म्हटलं तरी आली. पडदा पाडलेला. पडद्यामागे मेहुणे, आणि विंगेत ध्वनीवाला त्याच्या यंत्रापाशी.

"तयार?" मॅनेजर म्हणाला. "हो," मी म्हणालो, आणि पायावर पाय टाकून बसलो.

पहिलं वाजलं. ताठ. एक दोन तीन चार, जणू आखलेल्या पट्टीवर. श्वास नाही, उशीर नाही, तिसरा सूर सरळ जागेवर. सुरुवातीला गज तारेवर टेकला तिथे आवाज थोडा जाड आला, लाकडाचा आल्यासारखा. एरवी तिथेच थांबून पुन्हा ऐकलं असतं. पण उत्तर मला ठाऊक होतं, कानांना कशाला त्रास द्यायचा?

दुसरं वाजलं. उशीर, श्वास, खालून उचललेला सूर, हाक आल्यासारखा शेवट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, मेहुणे, काय वाजवलंत. सगळं काढून ठेवलंत आज.

"पहिलं यंत्र. दुसरं मेहुणे."

मॅनेजरने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या फेरीत मोकळं आधी आलं, ताठ नंतर. मी म्हणालो, आधी मेहुणे. तिसऱ्या फेरीत पुन्हा ताठ आधी. मी तर पहिल्या बारातच हात वर केला. "हे यंत्र. पुढचं वाजवूच नका, वेळ कशाला घालवता."

"वाजवू दे की पूर्ण," मागून ही म्हणाली. आवाज विचित्र होता. मी वळून पाहिलं नाही.

पडदा वर गेला. मेहुणे खुर्चीत बसले होते, चेलो गुडघ्यांत. कपाळावरून घाम गळत होता, पण चेहरा असा की परीक्षेत पहिला नंबर आलाय.

"एकदाही उशिरा आलो नाही ना?" त्यांनी मॅनेजरला विचारलं. "अकरा दिवस तेच घोटत होतो. श्वाससुद्धा दाबला. मला वाटलं, यंत्रासारखं आलं तर तुम्ही म्हणाल, मग यंत्र कशाला हवं?" मग माझ्याकडे वळले. "काय मेहुणे, जमलं ना?"

मी विंगेतल्या ध्वनीवाल्याकडे पाहिलं. तो बिचारा खुशीत पुढे आला. म्हणाला, "साहेब, शनिवारची तुमची फाइल चुकून दुसरीच आली होती. चेलो पार मेलेला होता त्यात. तुम्हाला कामात कशाला त्रास द्या, म्हणून आधीचीच लावली. काटा आणणारी."

मॅनेजरने वही मिटली. वाईट बोलला नाही. म्हणाला, "तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे," आणि कापडं सरळ करत करत रांगेतून बाहेर गेला.

मेहुण्यांना अजून कळलेलं नव्हतं. ही रंगमंचावर चढली, भावाच्या हातातून गज काढून घेतला आणि स्क्रू फिरवून त्याचे केस सैल करायला लागली. तिला ते येत नाही. तो म्हणत होता, "अगं थांब, उलटं फिरवतेस. काय झालं? कुणी सांगेल का मला, काय झालं?"

कुणी सांगितलं नाही. मीच सांगायला हवं होतं. जे सांगायचं ते एका ओळीचंच होतं. तीनदा वाजलं, आणि तीनही वेळा मी मेहुण्यांना यंत्र म्हटलं.